गाडी मोडायची, माणूस नाही

'रोड रॅश'मध्ये पडल्यावर काय व्हायचं, आठवतंय?

समोरून येणाऱ्या गाडीवर तुम्ही धाडकन आपटायचात. बाइक एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. हवेत दोन-तीन कोलांट्या आणि मग डांबरावरून घसरत जाणं. दुसऱ्या क्षणाला तो पठ्ठ्या उठून उभा! अंगावरची धूळसुद्धा न झटकता रस्ता ओलांडून बाइककडे पळत सुटायचा. पळताना आणखी एखाद्या गाडीने उडवलं तरी परत उठायचा. खुर्चीमागे उभे असलेले दोघं-तिघं ओरडत असायचे, 'पळ, पळ, पोलीस आला मागनं!' कारण पोलिसाच्या जवळ पडलात की खेळ खल्लास. दंड भरा आणि पुढच्या वेळी जपून.

सगळ्या गेममध्ये हसण्यासारखा भाग कुठला असेल तर तो हाच होता. जिंकण्यापेक्षा पडण्याची मजा जास्त. तीस वर्षं होत आलेल्या या गेमचा नवा अवतार आज खेळायला घेतला, तर सगळ्यात आधी खटकतं तेही नेमकं इथेच. या नव्या अवतारात पडण्याचा नियम बदललाय. त्या बदलावर बोलायचंय.

प्रॅक्टिसला चाललोय!

तुम्ही अवसरी बुद्रुकचे असाल, किंवा आंबेगाव-जुन्नरमधल्या कुठल्याही गावचे, तर कॉम्प्युटर घरात येण्याआधी तुमच्या आयुष्यात एमएस-सीआयटी आली असणार. २००१ मध्ये एमकेसीएलने हा कोर्स सुरू केला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागतो म्हटल्यावर गावोगावच्या पोरांची वर्दळ तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावाकडे सुरू झाली. मंचर, घोडेगाव, नारायणगाव. घरी सांगायचं, 'प्रॅक्टिसला चाललोय.' घरचे खूश. वर्ड-एक्सेलची प्रॅक्टिस पंधरा मिनिटांत उरकायची आणि उरलेला वेळ सर बाहेर जाण्याची वाट बघण्यात. सर बाहेर गेले की डेस्कटॉपवरच्या कुठल्या तरी आडबाजूच्या फोल्डरमधून 'रोड रॅश' बाहेर यायचा.

तिथं जागा नाही मिळाली तर सायबर कॅफे होतंच. तासाचे पैसे तिघांत वाटून घ्यायचे. खुर्ची एक, माणसं तीन, कीबोर्ड एक. एकजण बाण सांभाळणार, दुसऱ्याकडे लाथा-बुक्क्यांची बटणं, तिसरा नुसता सूचना देणार. तिसरा सगळ्यात जास्त बोलायचा, हे वेगळं सांगायला नको.

गंमत अशी, की ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणून कवटाळून बसलोय तो मुळात स्वतःच नवी आवृत्ती होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने पहिला 'रोड रॅश' १९९१ मध्ये सेगाच्या कन्सोलसाठी काढला. टीव्हीला जोडून खेळायचा, ठोकळेबाज चित्रांचा. १९९४ मध्ये कंपनीने थ्रीडीओ नावाच्या कन्सोलसाठी तो नव्याने बांधला. चित्रं सुधारली, साउंडगार्डनसारख्या खऱ्याखुऱ्या रॉक बँडची गाणी घातली. १९९६ मध्ये हीच आवृत्ती विंडोजवर आली आणि पुढे सीडी, मग पेन ड्राइव्ह असा प्रवास करत आपल्यापर्यंत पोचली. आपल्यासाठी ती त्यानंतर कितीतरी वर्षं नवीकोरीच होती.

रस्ते पाच होते. सिटी, पेनिन्सुला, पॅसिफिक हायवे, सिएरा नेवाडा आणि नापा व्हॅली. कॅलिफोर्निया म्हणजे काय हे माहीत नसताना तिथली वळणं आपल्याला पाठ झाली होती. नापा व्हॅली म्हणजे अमेरिकेतला द्राक्षांचा आणि वाइनचा पट्टा. आपल्याकडे नारायणगाव-जुन्नरच्या बाजूला द्राक्षांच्या मांडवाला लागून शाळेत जाणारी पोरं नापा व्हॅलीत दांडका घेऊन हाणामारी करत होती आणि ही दोन्ही गावं एका पिकाची आहेत याचा पत्ता कोणालाच नव्हता.

नवा अवतार, दुसरं नाव

आता नव्याकडे येऊ. 'रोड रॅश' हे नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे आहे. २००० मध्ये प्लेस्टेशनवर 'जेलब्रेक' हा भाग आला, त्यानंतर ही मालिका हळूहळू थंडावली. मोठ्या पडद्यासाठी नवा भाग काही आला नाही. लहानपणी हा गेम खेळून मोठे झालेल्यांनी किती वाट बघायची? शेवटी २०१३ मध्ये पिक्सेल डॅश आणि ईक्यू-गेम्स या दोन छोट्या स्टुडिओंनी किकस्टार्टरवर लोकांपुढे हात पसरला. आम्ही तसाच गेम बनवतो, तुम्ही पैसे द्या. लोकांनी दीड लाख डॉलरच्या वर रक्कम जमा केली. नाव वापरता येत नव्हतं म्हणून गेमचं नाव ठेवलं 'रोड रिडेम्प्शन'. अर्धवट अवस्थेत तो आधी आला आणि पूर्ण होऊन २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर पडला.

म्हणजे कागदोपत्री हा रिमेक नाही. पण पहिल्या मिनिटात कळतं, घराणं तेच. बाइक, रस्ता, शेजारी येणारा प्रतिस्पर्धी आणि तुमच्या हातात पाइप. बाजूच्याला लाथ मारून समोरून येणाऱ्या गाडीखाली ढकललं की जुना आनंद जसाच्या तसा मिळतो. फटक्याला वजन आहे. जुन्यात साखळी आणि दांडक्यावर भागायचं; इथे तलवार आहे, बंदूक आहे, बॉम्ब आहेत. इमारतींच्या गच्च्यांवरून शर्यत आहे. एका टप्प्यात तर आभाळातून गाड्या पडतात! का पडतात ते विचारायचं नाही.

उणं काय? रस्ते ओसाड आहेत. जुन्या गेममध्ये कडेने माणसं चालायची, घरं दिसायची, रस्त्याला गाव होतं. इथे उजाड माळरान आहे आणि त्यावर टोळ्या. गोष्ट नावाला आहे. गाणी गेम बंद केल्यावर डोक्यात राहत नाहीत. दोन-तीन तासांनी तोचतोचपणा जाणवतो. पण साध्या लॅपटॉपवर रविवारची दुपार घालवायला गेम दमदार आहे.

पडल्यावर काय होतं?

आता पडण्याकडे. जुन्या 'रोड रॅश'मध्ये बाइकला स्वतःची एक पट्टी होती. दर वेळी आपटलात की ती कमी व्हायची. पूर्ण संपली की बाइक भंगार, शर्यत संपली, दुरुस्तीचं बिल तुमच्या नावावर. तुमचा जोर दाखवणारी पट्टीही होती, पण ती संपली तर फार फार तर तुम्ही सीटवरून पडायचात. मरायचा कोणीच नाही. अख्ख्या गेमचा पाया हा एक नियम होता. गाडी मोडायची, माणूस नाही.

'रोड रिडेम्प्शन'ने हा नियम काढून टाकला. इथे धावत बाइककडे जाणं नाही. आपटलात की गेम तुम्हाला उचलून पुन्हा सीटवर बसवतो, पण त्याची किंमत तुमच्या अंगातून वसूल करतो. मोडते ती गाडी नाही, तुम्ही. पट्टी संपली की तुम्ही मेलात आणि सगळा प्रवास पहिल्यापासून. दहा टप्पे पार केले असतील तरी पहिल्या रस्त्यावर परत. फक्त एक सवलत आहे. त्या फेरीत जे गुण कमावले त्यातून पुढच्या फेरीसाठी ताकद विकत घेता येते. थोडी जास्त हेल्थ, थोडा जास्त जोर. तुम्ही मरता, पण शिकलेलं वाया जात नाही.

पहिल्या तासाला याचा राग येतो. 'हे काय, दर वेळी पहिल्यापासून?' मग लक्षात येतं की आपण वेगळं चालवायला लागलोय. ओव्हरटेक करताना आधी समोर बघतोय. नुसतं मारायचं म्हणून मारत नाही. हेल्थ कमी असेल तर भांडण टाळून पुढे निघून जातो. वाटेत मिळालेली हेल्थ सोडत नाही. गेमने उपदेशाचा एक शब्द काढलेला नसतो. त्याने फक्त पडण्याची किंमत बदललेली असते आणि आपला हात आपोआप बदलतो.

रस्ता मात्र आपलाच

आता लॅपटॉप बंद करून बाहेर येऊ. पुणे-नाशिक महामार्ग. चाकण, राजगुरुनगर, पेठ, अवसरी घाट, मंचर, पुढे नारायणगाव, आळेफाटा. जुन्या रस्त्याचा चौपदरी झाला, गावांना बायपास आले, वेग वाढला. तुमच्यापैकी कितीतरी जण या रस्त्याने रोज चाकणच्या कंपनीत शिफ्टला जातात, कोणी अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात, कोणी पहाटे मंचरच्या मार्केटमध्ये माल घेऊन.

गेममधला अडथळा म्हणजे आडवी आलेली गाय. आपल्याकडचे अडथळे कॅलिफोर्नियाच्या कोणत्याही डिझायनरला सुचले नसते. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेली, मागे लाल दिवा नसलेली डबल ट्रॉली. तिच्यातून रस्त्यावर सांडलेला ऊस. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर आलेला चिखल. चुकीच्या बाजूने 'एवढंच तर जायचंय' म्हणत येणारा पिकअप. आणि रात्री उसातून निघून रस्ता ओलांडणारा बिबट्या! जुन्नर वनविभागात राहणाऱ्याला हे अतिशयोक्ती वाटणार नाही.

इथे पडल्यावर कोणती पट्टी कमी होते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघा. त्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. गाडी त्यांच्या हातातही नव्हती. एकूण मृतांत दर तिघांतले दोघं १८ ते ४५ या वयातले. म्हणजे ज्यांनी सायबर कॅफेत तिघांत एक खुर्ची वाटून घेतली, तीच पिढी आणि तिच्या मागची.

थांबा, लगेच गेमवर खापर फोडायचं नाहीये. ते काम मोठ्या माणसांनी पन्नास वर्षांपूर्वीच सुरू केलंय. १९७६ मध्ये अमेरिकेत एक्झिडी कंपनीचा 'डेथ रेस' नावाचा गेम आला होता. पडद्यावरच्या काडीसारख्या आकृत्या गाडीने उडवायच्या. तेवढ्यावरून गदारोळ झाला. १९९७ मध्ये 'कार्मागेडन' आला तेव्हा ब्रिटनमध्ये रक्ताचा रंग बदलायला लागला होता, माणसांच्या जागी झॉम्बी घालायला लागले होते. कोट्यवधी लोकांनी 'रोड रॅश' खेळला आणि त्यातले बहुतेक जण आज बायको-पोरांना मागे बसवून चाळीसच्या वेगाने चालवतात. गेम खेळून कोणी अपघात करत नाही. गाडी घसरते ती रस्त्यामुळे, वेगामुळे, दारूमुळे, झोपेमुळे, अंधारातल्या ट्रॉलीमुळे.

तरी एक छोटी गोष्ट उरते. बारा-तेराव्या वर्षी आपण पडण्याचं एक चित्र डोक्यात भरून घेतलं. आपटणं, कोलांटी, उठणं, पळणं. त्यापुढचं काहीच त्यात नव्हतं. अॅम्ब्युलन्स नव्हती, आयसीयूबाहेरचं बाकडं नव्हतं, सहा महिने अंथरुणाला खिळलेला कमावता मुलगा नव्हता, गहाण पडलेलं शेत नव्हतं. गेमने ते दाखवावं अशी अपेक्षाही नाही. मग तो गेम राहिला नसता. पण गाडी हातात आल्यावर ते उरलेलं चित्र आपल्याला दुसऱ्या कोणी तरी दाखवायला हवं होतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेत दाखवलं? 'आठ' काढून दाखवला की झालं. घरात दाखवलं? 'हळू जा रे' एवढंच.

आपण एक रिमेक बघितलाय

नियम बदलला की खेळाची मजा जाते, असं कोणी म्हणालं तर त्याला आपल्या घाटात घेऊन या. घाट म्हणजे बैलगाड्याचा. शर्यतीचं वेड या मातीला कोणी कॉम्प्युटरवर शिकवलेलं नाही. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या तेव्हा यात्रांमधली अर्धी जान गेली. घाट ओस पडले. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी प्रकरण न्यायालयात अडकून राहिलं. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं.

पण परत आली ती शर्यत जुनीच नव्हती. धावण्याचं अंतर हजार मीटरच्या आत. चाबूक, काठी, शॉक बंद. बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी. हे सगळं कागदावर आहे तसं प्रत्येक घाटात पाळलं जातं का, यावर तुम्ही पारावर बसून तासभर वाद घालू शकता. तरी 'भिर्रर्र' झाली की अंगावर काटा तेवढाच येतो ना? बारी तेवढ्याच सेकंदांनी जिंकली-हरली जाते ना? थरार शिल्लक आहे. बदललं ते एवढंच, की मार खाण्याची जबाबदारी बैलावर टाकायची नाही.

'रोड रिडेम्प्शन'ने तसंच काहीसं केलं. वेग ठेवला, मारामारी तर वाढवली, पण पडणं फुकट ठेवलं नाही. रस्त्यावर हा नियम पहिल्यापासून आहेच. तिथे फक्त पुढची फेरी मिळत नाही.

मग करायचं काय?

उपदेश नको, दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो.

हेल्मेट घ्यायचंच असेल तर रस्त्याच्या कडेला टांगलेलं, टोपीसारखं घेऊ नका. १ जून २०२१ पासून देशात बीआयएसचा शिक्का असलेलंच हेल्मेट विकता येतं. आयएसआय खुणेबरोबर आयएस ४१५१ असा आकडा बघून घ्या. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट गाडी आदळल्यावर तुमच्या आधी निघून जातं. दोन हेल्मेटं घ्या. मागे बसणाऱ्याचा आकडा वर वाचलात.

घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे आणि ते करायला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. गावात तरुण मंडळ आहे, गणपतीत वर्गणी जमते. त्यातला एक दिवस गावच्या सगळ्या ट्रॉल्यांना द्या की!

तिसरी गोष्ट गेममधूनच आलीय. 'रोड रॅश'मध्ये तुम्ही पडल्यावर तुमच्यासाठी कोणी थांबायचं का? कोणीच नाही. सगळे तुम्हाला ओलांडून पुढे. नव्यातही तसंच. शर्यतीत ते ठीक आहे. रस्त्यावर मात्र पडलेल्याला स्वतः उठून पळता येत नाही, दुसऱ्याने उचलावं लागतं. १०८ ला फोन करा, नेमकं ठिकाण सांगा: घाटाच्या वर की खाली, बायपासवर की गावातल्या रस्त्यावर, जवळचं हॉटेल किंवा पंप कुठला. हेल्मेट घातलेलं असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते ओढून काढू नका, मान हलवू नका. मागून येणारी वाहनं थांबवायला एकाला दूर उभं करा. 'पोलिसांचं लचांड मागे लागेल' ही भीती बाजूला ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आलंय. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही.

आणि हो, गेम खेळाच. 'रोड रिडेम्प्शन'मध्ये एका स्क्रीनचे चार भाग करून चौघांना एकत्र खेळता येतं. कीबोर्डवर नाही भागत, कंट्रोलर जमवावे लागतील. पण खुर्च्या चार लागतील, आणि सूचना देणाऱ्या त्या तिसऱ्यालाही आता स्वतःची बाइक मिळेल. यात्रेला सगळे गावी येतील तेव्हा एक संध्याकाळ काढा. जो आधी मरेल त्याने चहा पाजायचा. रात्री घरी परतताना मात्र गाडी कोण चालवणार आणि हेल्मेटं किती आहेत, हे चहा पितानाच ठरवून टाका.